बांधाबाहेरची जागा

मी, मिरेय देल्फिन कारिएर, वय वर्षे सत्तावीस, व्यवसाय स्थापत्य अभियंता, राहणार रिव्हर रोड, सेंट ओदिल, प्रांत मॅनिटोबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, दिवसाउजेडी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. बिघडले आहे ते हृदय, तेही एका झडपेपुरते, आणि पुढच्या महिन्यात विनिपेगच्या इस्पितळात ती झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. वकील म्हणतात, तरी लिहून ठेवा. मला वकिलांचे पटले. मी मेले तर या गावात काय होईल हे डॉक्टरांना ठाऊक नाही, मला आहे.

मी अविवाहित असून मला मूलबाळ नाही. मी काही न लिहिता गेले, तर कायद्याने माझे सर्व काही माझी आई, श्रीमती लिझेट कारिएर, हिच्याकडे जाईल. आई माझी जागा श्री. मर्विन टेव्ज यांना विकेल, कारण तसा शब्द तिने त्यांना आताच देऊन ठेवला आहे. मर्विन टेव्ज गावाचा बांध त्या जागेवरून नदीच्या काठाला सरकवतील. आणि ज्या वर्षी मोठे पाणी येईल त्या वर्षी तो बांध नदीत घसरेल व गाव बुडेल. हे होऊ नये एवढ्यासाठी हा कागद आहे. बाकी जे लिहिले आहे ते मनात साचले होते म्हणून. मृत्युपत्रात माणसाला कोणी मध्येच तोडत नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणाच्या सांगण्यावरून हे करत नाही. उलट ज्यांना ज्यांना सांगितले, त्या सगळ्यांनी नको म्हटले.

१. मिळकत. माझ्या मालकीची जागा व तिच्यावरील लाकडी घर. चतुःसीमा अशा: पूर्वेस रेड नदी, पश्चिमेस गावाचा मातीचा बांध, उत्तरेस नदीचे वळण, दक्षिणेस जुन्या शेजाऱ्यांच्या रिकाम्या जागा. घर मातीच्या उंचवट्यावर आहे. गाव बांधाच्या आत आहे आणि हे घर बांधाच्या बाहेर. ही जागा मला माझे आजोबा, कै. गेरहार्ट टेव्ज, यांच्याकडून त्यांच्या मृत्युपत्राने मिळाली. ते माझ्या आजीचे दुसरे पती. रक्ताच्या नात्याने ते माझे कोणी नव्हते, असे त्यांचे चिरंजीव मर्विन टेव्ज यांनी कोर्टात सांगितले. ते खरे आहे. रक्ताच्या नात्याने त्यांचे जे होते, ते त्यांच्या आजारपणात एकदाही आले नाहीत, हेही खरे आहे, पण कोर्टाने ते विचारले नाही.

२. घर बाहेर का आहे. हे मी सविस्तर लिहिते, कारण गावात याची एक विनोदी आवृत्ती प्रचलित आहे. तिच्यात म्हाताऱ्या टेव्जने सगळ्या गावाचे मोजमाप केले आणि स्वतःचे घर मोजायला विसरला. कॉफीच्या दुकानात ही गोष्ट अजून सांगतात आणि अजून हसतात. पुरात कोरडे राहिलेल्या माणसांना हसायला भरपूर वेळ मिळतो.

झाले ते असे. गावाभोवती बांध घालायचे ठरले तेव्हा आखणी आजोबांकडे आली. नदीच्या वळणावरची जमीन वरून भक्कम दिसते, पण खाली करड्या, निसरड्या मातीचा थर आहे आणि सगळा काठ दरवर्षी थोडा थोडा नदीकडे सरकतो. तिथे कुंपणाचे खांब उभे राहत नाहीत. आमच्या मागच्या दाराला आजोबा दर काही वर्षांनी रंधा मारून चौकटीत बसवत. अशा जमिनीवर बांधाचे वजन टाकायचे नाही, म्हणून त्यांनी रेघ मागे घेतली. मागे घेतल्यावर वळणावरची मोजकी घरे बाहेर पडली. त्यांतले एक त्यांचे स्वतःचे होते.

गावसभेतली मंडळी त्यांच्याकडे आली. सौजन्याने आली, असे आजोबा सांगत. अध्यक्ष म्हणाले, "गेरहार्ट, जरा पोटात घे की आपलं घर. पेन्सिलच तर आहे, वाकव थोडी."

आजोबा म्हणाले, "पेन्सिल वाकेल हो. खालची माती माझ्या ओळखीची नाही."

शेजाऱ्यांच्या जागा सरकारने विकत घेतल्या, ते भरपाई घेऊन गावात आले. आजोबांनी भरपाई घेतली नाही. ज्याने रेघ मारली त्याने तिच्या बाहेर राहून दाखवले पाहिजे, नाहीतर उद्या कोणीही येऊन ती पुसेल, असे त्यांचे म्हणणे. उंचवटा करून त्यांनी घर त्यावर चढवले. त्यांची पहिली पत्नी, श्रीमती हिल्डेगार्ड, तो उंचवटा पाहून म्हणाली, "सगळ्या गावाला पोटाशी धरलंस, आणि बायकोपोराला नदीवर ठेवलंस?" आणि मर्विनला घेऊन बहिणीकडे स्टाइनबाखला निघून गेली. तिच्याविषयी मी पुढे लिहीन. तिच्याबद्दल मला तुच्छता वाटत नाही. या कागदात असे म्हणता येईल अशी माणसे थोडी आहेत.

३. माझी आजी. मोठ्या पुराच्या वर्षी गावाने रीतीप्रमाणे बांधातल्या रस्त्याच्या खिंडी चिकणमातीने बुजवल्या. एकदा खिंडी बुजल्या की आतला माणूस आत, बाहेरचा बाहेर. आजोबा बाहेर होते. सगळा गाव आतून बांधावर वाळूच्या पिशव्या रचत होता, आणि लाटा बांधाची बाहेरची बाजू कुठे खात आहेत हे आतून दिसत नाही. आजोबा रोज होडीतून बाहेरच्या अंगाने फिरायचे आणि जिथे माती सुटताना दिसेल तिथे ओरडून सांगायचे. आतली मंडळी पिशव्या टाकायची. कोणी आभार मानल्याची नोंद नाही.

माझी आजी देल्फिन तेव्हा चर्चच्या स्वयंपाकघरात पिशव्या रचणाऱ्यांचे जेवण करत होती. ती विधवा होती, मेटी म्हणजे फ्रेंच आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाची होती, गावाच्या खालच्या टोकाला विलो गल्लीत राहत होती, आणि यांतले प्रत्येक कारण गावाने तिला वेगवेगळ्या प्रसंगी ऐकवले होते. बाहेरच्या माणसाला जेवण कोण देते, असे तिने विचारले. कोणालाच माहीत नव्हते. तेव्हा तिने टोपलीत बॅनकची जाड भाकरी आणि सूप ठेवून ती दोरीने बांधावरून होडीत सोडायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आजोबांनी टोपली परत पाठवताना खालून विचारले, "तुम्ही जेवलात का?"

आजी सांगायची, "मी इतकी वर्षं बांधाच्या आत राहिले, हे मला कोणी विचारलं नव्हतं." पाणी उतरले, खिंडी उघडल्या आणि ती सामान घेऊन बाहेर राहायला गेली. गावाने यावरही विनोद केले. ते मी लिहीत नाही.

४. मी. माझी आई विनिपेगच्या एका हॉटेलात चादरी धुण्याच्या कामाला गेली आणि मला या दोघांकडे ठेवून गेली. मला शाळेत सोडायला आजोबा बांधावरून चालत यायचे. डब्यातले सफरचंद ते कापून परत जुळवून रबराने बांधून द्यायचे, म्हणजे काळे पडत नाही. माझी वेणी आजी घालायची नाही, तेच घालायचे, कारण तिन्ही पेडांवर सारखा ताण आजीला जमत नाही असे त्यांचे मत होते. बर्फ वितळले की आम्ही दोघे काठी घेऊन बांधावर गोफरांची, म्हणजे माती पोखरणाऱ्या खारींची, बिळे शोधायचो. बीळ सापडले की मी काठी आत घालायची, ते खोली विचारायचे आणि मग आम्ही ते माती ठासून बुजवायचो. मला वाटायचे, सगळ्या मुलांचे आजोबा हेच करतात. मर्विन टेव्ज एकदा गाडी थांबवून त्यांना म्हणाले होते, "बाबा, लोक नातवंडांना जत्रेला नेतात हो." आजोबांनी मला विचारले, जत्रेला जायचे का. मी म्हटले, अजून ती पलीकडची बाजू राहिली आहे. त्यांनी मर्विनला ते उत्तर दिले.

कारिएरांच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. पहिल्या वर्षी मृदाशास्त्रात नापास झाले तेव्हा मी शिक्षण सोडणार होते. आजोबा बसने विद्यापीठात आले, जेवणाच्या डब्यात ओली माती घेऊन. उपाहारगृहात सगळ्यांसमोर त्यांनी ती टेबलावर ओतली आणि तळहाताने शेवईसारखी वळायला लावली. शेजारच्या टेबलावरची मुले हसली. आजोबा म्हणाले, "हसू देत. ती तुटायला लागली की सांग, त्या क्षणी तिच्यात किती पाणी असतं ते शिकलीस की पास." मी पास झाले. ती हसलेली मुले आज शहरातल्या सल्लागार कंपनीत आहेत. मर्विन टेव्ज यांचा नवा बांध त्याच कंपनीने काढला आहे, खालची माती तपासायला वळणावर एकही भोक न पाडता. त्यासंबंधी कलम ७ पाहावे.

५. आरोप आणि त्याचे उत्तर. आजोबा गेले त्या आठवड्यात अंत्यविधीनंतर पाव, चीज आणि कॉफी चालू असताना मर्विन टेव्ज, जे आता गावसभेचे अध्यक्ष आहेत, चार माणसांना ऐकू जाईल असे म्हणाले, "म्हाताऱ्यानं जन्मभर स्वतःला बाहेर ठेवलं. मी सगळ्यांना आत घेणार आहे, नदीच्या दर्शनासकट." नदीच्या वळणावर त्यांना बंगले बांधायचे आहेत. बंगल्यांसाठी बांध पुढे हवा, बांधासाठी आमची जागा हवी. ती माझ्या नावाने निघाली तेव्हा त्यांनी कोर्टात अर्ज केला की वडिलांना भ्रम झाला होता. पुरावा काय, तर ते पावसात बांधावर फिरत, काठी बिळात घालत आणि विनिपेगला असलेल्या नातीशी मोठ्याने बोलत. आजोबांच्या डॉक्टरांनी साक्ष दिली की माणूस शेवटपर्यंत शुद्धीत होता. निकाल माझ्या बाजूने लागला, पण सगळा हिवाळा त्यात गेला आणि एका चांगल्या माणसाचे डोके ठीक होते की नाही यावर अनोळखी लोक बोलत बसले.

मर्विन टेव्ज दुष्ट आहेत असे मी म्हणत नाही. दुष्टपणाला चिकाटी लागते. त्यांना फक्त खालची माती बघायचा कंटाळा आहे. आईच्या आज्ञेवरून मी त्यांना मामा म्हणते. ती आज्ञा माझ्या मृत्यूबरोबर संपेल. त्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

६. आजोबांची लोखंडी अंगठी. आमच्या देशात अभियंता झालेल्याला ती समारंभाने देतात. लिहित्या हाताच्या करंगळीत घालायची, म्हणजे नकाशावर हात फिरला की ती कागदाला घासते आणि आपण काय मान्य करतो आहोत याची आठवण देते. आजोबांनी स्वतःची काढून माझ्या करंगळीत घातली. ती सैल होती, मी आत दोरा गुंडाळला. मर्विन टेव्ज यांनी ती गावसभेच्या कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवायला मागितली आहे, 'आमचे पहिले अभियंते' अशी पाटी लावून. मी सांगितले, ते तुमचे नव्हते, तुम्ही त्यांना बाहेर ठेवले होते. त्यांना ते कळले नाही. माझ्यानंतर ही अंगठी या गावातून पुढे जी मुलगी किंवा जो मुलगा स्थापत्य शिकेल त्याला द्यावी. तोपर्यंत वकिलांनी ती आपल्याकडे सांभाळावी. कपाटात नाही, खणात.

७. अवजारे आणि इतर जंगम. पातळी मोजण्याची दुर्बीण, तिची तिवई व मोजपट्टी विलो गल्लीजवळच्या शाळेला द्याव्यात. मुलांनी त्या मोडल्या तरी चालेल, वापरून मोडाव्यात. आजीचा तवा आईला. खिडकीतली काचेची बरणी, जिच्यात वळणावरची करडी माती आहे, ती वर उल्लेखलेल्या सल्लागार कंपनीला पाठवावी. सोबत चिठ्ठी नको, नेणाऱ्याने तोंडीच सांगावे. माती बरणीतून काढून टेबलावर उभी करावी आणि जेवून यावे. परत आल्यावर ती कशी दिसते ते त्यांनी बघावे. पदवी असूनही त्यांना ते समजेल अशी मला आशा आहे.

८. माझी आई. बँकेतील शिल्लक सर्व आईला. मोटारही तिला. जागा तिला नाही, हे वाचून ती म्हणेल की शिकून मुलगी परकी झाली. मागच्या रविवारी मी तिला हे सांगून पाहिले. ती भांडी घासता घासता म्हणाली, "तुझं काही बरंवाईट झालं तर मी एकटी त्या चिखलाचं काय करू गं? मर्विन चांगली किंमत देतोय. त्यात मला गच्चीवाली खोली येते. तुझ्या आजोबांनी एवढं साधं गणित कधी केलं नाही." मी म्हटले, विलो गल्लीत तुझी मावशी राहते, तिच्या घरात पाणी सगळ्यात आधी शिरेल. आई म्हणाली, "पाणी काय दरवर्षी येतं का?" आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या, तिला गच्ची हवी आहे, यात मला काही हसण्यासारखे दिसत नाही. पण गच्चीसाठी गाव देता येत नाही. आई, हे मी तुझ्यावर रागावून लिहिलेले नाही. तुला हवे असेल तितकी वर्षे तू या घरात राहू शकतेस, असा हक्क मी तुला देते. तू राहणार नाहीस, ते मला माहीत आहे.

९. जागा. कलम १ मधील जागा व घर मी विलो गल्लीत माझ्या मृत्यूच्या दिवशी राहत असलेल्या सर्व कुटुंबांना समाईक देते. ती विकायची, भाड्याने द्यायची किंवा तिच्यावरून बांध न्यायचा झाल्यास गल्लीतल्या प्रत्येक घराची लेखी संमती लागेल. एकाही घराने नाही म्हटले तर नाही.

वकिलांनी विचारले, ही माणसे विश्वासू आहेत का. मी म्हटले, नाहीत. याच गल्लीने माझ्या आजीला ती बाहेर गेल्यावर ओळख दाखवली नाही. याच गल्लीने गेल्या निवडणुकीत मर्विन टेव्ज यांना मते दिली, कारण त्यांनी डोनट वाटले आणि प्रत्येकाच्या कुत्र्याचे नाव घेतले. त्यांच्या चांगुलपणावर माझा भरवसा नाही. पण बांध गेला तर पहिले पाणी त्यांच्या बिछान्याखाली येईल, आणि इतक्या घरांत एखादे तरी असे असेल की ज्याला बुडायचे नाही. त्या एका घरावर माझा भरवसा आहे.

१०. व्यवस्थापक. या मृत्युपत्राची व्यवस्था श्रीमती हिल्डेगार्ड टेव्ज, राहणार स्टाइनबाख येथील वृद्धाश्रम, यांनी पाहावी. त्यांच्या पश्चात माझ्या वकिलांनी. माझ्या आजोबांना सोडून गेलेल्या बाईला मी का निवडले, असे लोक विचारतील.

अंत्यविधीला त्या आल्या होत्या. मागच्या बाकावर बसल्या, कॉफीला थांबल्या नाहीत. या जानेवारीत मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी मला बस म्हटले नाही. मी उभ्यानेच सांगितले की मला जागेसाठी असा माणूस हवा आहे जो मर्विनला नाही म्हणू शकेल.

त्या म्हणाल्या, "गेरहार्ट चुकला असता ना, तर मी त्याच्याजवळ राहिले असते. चुकणाऱ्या नवऱ्याजवळ सगळ्याच बायका राहतात. तो बरोबर होता. बरोबर माणसाशी भांडायचं तरी कसं? मी रोज सकाळी हरून उठायचे."

मी विचारले, मग मर्विन तुमचा मुलगा आहे, त्याला आडवे जाणे तुम्हाला जमेल का.

"माझा आहे म्हणूनच सांगते, त्याच्या हातात फावडंसुद्धा देऊ नकोस. त्या रेघेपायी मी संसार सोडला. आता हा ती बंगल्यांसाठी पुसणार, आणि मी बघत बसू? मग मी सोडलं ते कशासाठी?" आणि थोड्या वेळाने, "किती जगेन ठाऊक नाही. पण नाही म्हणायला फार दम लागत नाही."

तेव्हा कुठे त्यांनी मला बस म्हटले आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. बिस्किटे शिळी होती. मी दोन खाल्ली.

११. माझे अंत्यसंस्कार. आजीआजोबांच्या शेजारी पुरावे. मर्विन टेव्ज यांना भाषण करू देऊ नये. बाकी कसेही चालेल.

१२. साक्षीदार. स्वतःच्या अक्षरातल्या मृत्युपत्राला आमच्या प्रांतात साक्षीदार लागत नाहीत, पण एकदा कोर्ट पाहिल्यामुळे मला दोन हवे आहेत. ज्याला त्यातून काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. ज्याला काहीच मिळत नाही त्याची चालते, आणि असा माणूस शोधायला मला लांब जावे लागले नाही.

आमच्या गावात दर मंगळवारी सकाळी अध्यक्ष कार्यालयात बसतात आणि लोक पासपोर्टचे, पेन्शनचे, बंदुकीच्या परवान्याचे कागद घेऊन रांगेत उभे राहतात. मर्विन टेव्ज एका हातात कॉफीचा पेला धरून दुसऱ्या हाताने सगळ्यांवर सही करतात. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "कुठे?" उद्या मंगळवार आहे. मी रांगेत उभी राहीन. हे मृत्युपत्र आहे असे मी त्यांना स्पष्ट सांगेन. पाने झाकणार नाही, दुमडणार नाही, पहिले पान वर ठेवीन. त्यांनी वाचायला मागितले तर खुर्ची देईन, आणि चष्मा नसेल तर मोठ्याने वाचून दाखवीन. त्यांनी वाचले आणि सही केली नाही, तर रांगेतला पुढचा माणूस करेल. त्यांनी न वाचता सही केली, तर उद्या कोणत्याही कोर्टात मिरेय कारिएरला भ्रम झाला होता असे म्हणायला जो माणूस उभा राहील, त्याला आधी स्वतःची सही खोटी म्हणावी लागेल.

दुसऱ्या साक्षीदार टपाल कार्यालयातील श्रीमती ओदेत गोसलँ. त्या सर्व वाचतील. त्या सर्वांचे सर्व वाचतात.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून संपवले.

(सही) मिरेय देल्फिन कारिएर

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की, मिरेय कारिएर यांनी आम्हा दोघांच्या देखत वरील सही केली व आम्ही त्यांच्या देखत या सह्या केल्या. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीत होत्या. त्यांच्या बोलण्यात किंवा वागण्यात भ्रमाचे कोणतेही लक्षण आम्हाला दिसले नाही. हे मृत्युपत्र असल्याचे आम्हाला सांगण्यात आले होते आणि ते वाचण्याची पूर्ण संधी आम्हाला देण्यात आली होती.

साक्षीदार पहिले: (सही) मर्विन टेव्ज, अध्यक्ष, गावसभा

साक्षीदार दुसऱ्या: (सही) ओदेत गोसलँ, टपाल कार्यालय

स्थळ: गावसभा कार्यालय, सेंट ओदिल
दिनांक: मंगळवार, २० फेब्रुवारी २०२४